फुटलेल्या जागी काय बसवावे?

स्पोर्ट्स कूपे जातीच्या मोटारीची मागच्या बाजूची काच फुटली, तर ती सांधता येत नाही, बदलावीच लागते. हे विधान इतके उघड आहे की त्यात काही इतिहास दडला असेल असे सहसा कोणास वाटणार नाही. आमच्या मते तो आहे, आणि तो वेरूळसारख्या ठिकाणी उभे राहून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतो. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद आणि खुलताबाद ओलांडून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या या गावी सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. एका बाजूस एकाच खडकातून कोरून काढलेले कैलास लेणे, ज्याचा एकही सुटा भाग कुठल्या गोदामात मिळणार नाही. दुसऱ्या बाजूस हजारो सुट्या भागांची जुळणी करून बनलेले वाहन, ज्याच्या प्रत्येक भागाला क्रमांक आहे. मोडल्यावर या दोहोंचे काय होते, आणि काय व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

मुळात काच आणि मराठी माणूस यांचा जुना संबंध खिडकीचा नाही, मनगटाचा आहे. घरात बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. शब्द टाळण्यामागे सौभाग्याची भीती आहे हे खरेच. पण त्या भीतीच्या तळाशी पदार्थाचे एक अचूक ज्ञानही आहे. तांब्याच्या भांड्याला डाग देता येतो, लाकडाला खुंटी ठोकता येते, वस्त्राला ठिगळ लावता येते. काचेला सांधा नाही. म्हणून फुटलेल्या बांगडीच्या दुरुस्तीचा विचारच कोणी करीत नाही. कासाराकडून नवी भरायची, एवढाच उपाय. देवघरातील मूर्तीविषयीही हीच रीत आहे: मूर्ती खंडित झाली की ती पूजेत ठेवीत नाहीत, तिचे विसर्जन करून नवी बसवतात. बदलणे ही कल्पना कारखान्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. कारखान्यांनी तिच्यात दोन गोष्टी नव्याने आणल्या: क्रमांक आणि परावलंबन.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राने काचेचे स्वप्न पाहिले ते याच परावलंबनाच्या विरोधात. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना अशी, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला आणि तेथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या भट्ट्यांवर गेली. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी त्या वेळच्या औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, कारखाना घातला. त्यांच्या नावाने ओगलेवाडी वसली आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. कंदिलाची काच तडकली तर नवी मिळेल, आणि ती कऱ्हाडचीच मिळेल, ही खात्री लहान नव्हती. बदलण्याची वस्तू आपल्या आवाक्यात असणे हा स्वदेशीचा एक व्यावहारिक अर्थ होता, आणि तो भाषणांपेक्षा चिमणीच्या काचेने लोकांना अधिक सोपा करून सांगितला.

मोटारीची काच मात्र या परंपरेतली नव्हे. तिची वंशावळ वेगळी आहे आणि ती एका खेळण्यापासून सुरू होते. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात पडला की त्याला टॅडपोलसारखा आकार येतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही, आणि शेपटी किंचित मोडली तर सारा थेंब क्षणात भुकटी होऊन उडतो. राजपुत्र रूपर्ट याने असे थेंब इंग्लंडात आणले आणि १६६१ मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे ठेवले गेले. त्यांचे रहस्य असे, की बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर आकसतो; त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. दाबाखालच्या पृष्ठभागावर चीर सहजी उघडत नाही. पण ती एकदा गाभ्यापर्यंत पोचली, की साठलेला ताण एकदम मोकळा होतो. फ्रान्समधील ला बास्ती याने १८७४ मध्ये तापवलेली काच गरम तेलात बुडवून तिला बळकटी आणण्याचे पेटंट घेतले. आजच्या भट्टीत काच ६२० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. तत्त्व तेच आहे.

याच सुमारास दुसरी वाट एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाने शोधली. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला. तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून बसला होता. दोन काचांच्या मध्ये असा थर घालण्याचे पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच लागली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या गाड्यांच्या पुढच्या बाजूस ती बसू लागली. तेव्हापासून साधारण वाटणी अशी राहिली आहे: पुढे थराची काच, जी तडकते पण जागेवर राहते, बाजूला आणि मागे कडक केलेली काच, जी फुटली तर बोथट दाण्यांचा ढीग होते. अलीकडे काही महागड्या गाड्यांच्या बाजूलाही थराची काच आलेली आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी वाहनांना सुरक्षा काच बंधनकारक केली, पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असे ठरवले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर चिकटवल्या जाणाऱ्या काळ्या फिल्मला मनाई केली.

या सुरक्षेची एक किंमत आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही. हिऱ्याच्या लेखणीने तिच्यावर रेघ ओढून ती मोडायला जाल तर ती संपूर्ण विस्कटते. तिचा आकार, वळण, भोके, कडा हे सारे भट्टीत जाण्याआधी ठरलेले असावे लागते. घराच्या खिडकीची काच फुटली तर गल्लीतला काचवाला माप घेतो, तावातून तुकडा कापतो, लांबी लावून बसवतो; त्याचा हात आणि त्याची नजर या कामात मोजली जाते. मोटारीच्या बाजूच्या काचेपुढे हा माणूस निरुपयोगी ठरला. आता जी काच हवी ती दूर कुठेतरी, तिच्या साच्यासह, आधीच जन्मलेली असली पाहिजे. दुरुस्ती करणारा कारागीर येथे बसवणारा झाला, आणि बसवण्याची वस्तू निर्मात्याच्या इच्छेवर राहिली.

कूपेच्या बाबतीत हे परावलंबन सर्वांत तीव्र होते, आणि त्याचे कारण तिच्या नावातच आहे. कूपे हा फ्रेंच शब्द ‘कापणे’ या क्रियापदावरून आला. मोठ्या बग्गीचा एक भाग कापून टाकून उरलेली दोन माणसांची बग्गी म्हणजे कूपे. मोटारीतही छप्पर मागे उतरते करून, दोन दारे काढून टाकून हा आकार साधतात. छप्पर उतरत येते आणि कंबररेषा वर चढते. त्या दोहोंच्या मध्ये जो निमुळता तुकडा उरतो तीच मागच्या बाजूची काच. गॅरेजमध्ये तिला क्वार्टर ग्लास म्हणतात. ती खालीवर होत नाही आणि मागे बसणाऱ्यास तिचा फारसा उपयोगही नाही. पण गाडी दुरून ओळखू येते ती अनेकदा तिच्यामुळे. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत या काचेची खालची रेघ मागच्या टोकाशी पुढे वळते. १९६० च्या दशकापासूनच्या त्या वळणाला विल्हेल्म होफमायस्टर या अभिकल्पकाचे नाव चिकटले आहे. सही दुसऱ्याच्या हाताने करता येत नाही. तशीच ही काच दुसऱ्या गाडीची चालत नाही. ही काच सर्वांत लहान म्हणून सर्वांत स्वस्त असेल, हा चोराचा आणि मालकाचा सारखाच गैरसमज. अनेकदा ती दाराच्या मोठ्या काचेहून महाग पडते, कारण तिच्या कडेला रबर साच्यातच ओतलेले असते आणि ती फार थोड्या संख्येने बनलेली असते.

ती बदलण्याचे काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगणे योग्य होईल, कारण कारागिरीचे जे काही उरले आहे ते याच कामात दिसते. प्रथम चॅसी क्रमांकावरून नेमकी काच मागवायची: डावी की उजवी, कोणत्या छटेची, अँटेनाची तार असलेली की नसलेली. मग गाडीच्या आतले अस्तर आणि मागच्या सीटच्या बाजूचे पॅनेल, क्लिपा न मोडता, सोडवायचे. काचेचे दाणे पॅनेलच्या पोकळीत, सीटच्या सांध्यात, बेल्टच्या रिळात जाऊन बसतात. ते ओढून घेणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक काम, नाहीतर पुढे अनेक महिने गाडी खळखळत राहते. जुन्या गाड्यांत काच रबराच्या चौकटीत असे. रबराच्या खाचेत दोरी ओवायची, साबणाचे पाणी लावायचे, बाहेरून एकाने काच दाबायची आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवत न्यायचा. दोन माणसांचा ताल जमला तर काच एका दमात बसते. नव्या गाड्यांत काच युरेथेनने चिकटवलेली असते. जुने युरेथेन पूर्ण खरवडायचे नसते. एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून त्यावरच नवे घ्यायचे, म्हणजे पत्र्याचा रंग सोलून गंज धरत नाही. प्राइमर, मग सलग, कुठेही न तुटलेली युरेथेनची वळी, मग काच, मग वाळेपर्यंत चिकटपट्ट्या. त्या काळात दार आपटायचे नाही आणि दुसरी एखादी काच थोडी उघडी ठेवायची. बंद गाडीत दार आपटले तर आतल्या हवेच्या दाबाने ओली काच बाहेर ढकलली जाते. हे शेवटचे शहाणपण हाताखाली शिकलेल्या पोराला मिस्त्री सर्वांत आधी सांगतो.

काम शिकता येते. प्रश्न काचेचा आहे, आणि काच मिळणे-न मिळणे हा शेवटी संख्येचा हिशोब आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यातून फियाट ११०० ची जी रचना १९६४ मध्ये बाहेर पडली, ती पुढे पद्मिनी या नावाने, बाह्यरूपात फारसा बदल न होता, शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. परवाना राजवटीने ग्राहकाला निवड दिली नाही याची तक्रार रास्त आहे. पण त्या कुंठित काळाने एक गोष्ट नकळत दिली: पद्मिनीच्या पुढच्या दारातली फिरती त्रिकोणी काच गावोगावच्या दुकानात टांगलेली असे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. तोवर त्या चालू शकल्या त्या सुट्या भागांच्या या विपुलतेवर.

याच्या उलट टोकाला आपल्याकडच्या मोजक्या स्पोर्ट्स गाड्या आहेत. सॅन मोटर्सची स्टॉर्म ही फायबरग्लासच्या अंगाची दोन आसनी गाडी १९९८ मध्ये गोव्यातून आली. दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिसली आणि पुढे पुणे परिसरात बनू लागली. दोन्ही फार थोड्या निघाल्या आणि दोन्ही आता बनत नाहीत. अशा गाडीच्या अंगाला भेग पडली तर राळ आणि तंतूंचे कापड घेऊन कोणताही कुशल कारागीर ती भरून काढील. तिची वळणदार काच फुटली तर मात्र साचा कुठे आहे हे शोधण्यापासून सुरुवात. सपाट काच असेल तर थराच्या तावातून कापून घेता येते, कारण थराची काच कडक केलेली नसते. वळणदार असेल तर नवा साचा करून भट्टीत काच वाकवणारा शोधावा लागतो. नाहीतर कुर्ल्याच्या किंवा चोर बाजाराच्या भंगारात तसलीच दुसरी, अपघातात सापडलेली पण त्या बाजूने वाचलेली गाडी. एकाच्या अपघातावर दुसऱ्याची दुरुस्ती उभी राहते.

खुद्द वेरूळच्या परिसरात या हिशोबाची तिसरी तऱ्हा पाहायला मिळते. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाची जुळणी सुरू झाली. २००७ पासून ऑडीच्या काही गाड्याही तेथे जुळू लागल्या. युरोपातून पेट्यांत भरून आलेले भाग येथे एकत्र येतात आणि गाडी बाहेर पडते. लेण्यांपासून तासाभराच्या अंतरावर गाडी तयार होते, पण तिच्या मागच्या काचेचे मूळ सहस्रावधी किलोमीटरवर असू शकते. दरम्यान १९९० च्या दशकात तळोज्याला फ्लोट काचेचा कारखाना आला, देशी मोटार-काच उद्योग वाढला आणि मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या काचा येथेच होऊ लागल्या. आयात होणाऱ्या कूपेला या स्वावलंबनाचा लाभ नाही. ओगल्यांच्या चिमणीने जे साधले होते ते संख्येच्या बळावर साधले होते; ज्या वस्तूला संख्या नाही तिला स्वदेशीही फारशी मदत करू शकत नाही.

येथे आम्ही मोटारतळ सोडून लेण्यांकडे वळतो, कारण ज्या वस्तूची संख्या एक आहे तिच्या मोडतोडीचे काय करावे हा प्रश्न वेरूळने फार आधी अनुभवला आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास डोंगरातून वरून खाली कोरून काढला गेला. येथे चूक झाली तर दुसरा दगड आणून बसवण्याची सोय नव्हती. नंतरच्या शतकांत जे मोडले त्याला वेरूळ परिसराने तीन प्रकारची उत्तरे दिली. पहिले उत्तर रिकामी जागा. मुख्य मंदिरापासून बाजूच्या दालनांकडे जाणारे दगडी पूल केव्हातरी कोसळले. ते पुन्हा बांधले गेले नाहीत. अंगणातल्या हत्तींच्या सोंडा गेल्या. त्या कोणी नव्याने जोडल्या नाहीत. दुसरे उत्तर साधा आधार. काही लेण्यांत तुटलेल्या खांबांच्या जागी नवे, अलंकरण नसलेले खांब उभे केलेले दिसतात. घारापुरीच्या मुख्य लेण्यात तर असे अनेक आहेत. छत तोलण्यासाठी खांब हवा म्हणून खांब दिला, पण जुन्या शिल्पकाराचे सोंग घेतले नाही. तिसरे उत्तर जीर्णोद्धाराचे. लेण्यांपासून थोड्याच अंतरावरील घृष्णेश्वराचा मालोजी भोसले यांनी जीर्णोद्धार केला आणि आजचे मंदिर अठराव्या शतकातले, होळकरांच्या आश्रयाने उभे राहिलेले, अहिल्याबाईंच्या नावाने ओळखले जाणारे. तेथे दगड बदलले तरी देव बदलला असे कोणी भाविक म्हणत नाही.

ही तिन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी प्रत्येकामागे वस्तूचा हेतू ओळखणारे तारतम्य आहे. जे पाहण्यासाठी उरले आहे ते मोडलेलेच राहू द्यावे. जे भार वाहते त्याला आधार द्यावा. जे चालू आहे, ज्यात रोज पूजा होते, ते नवे करावे. जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी लिहिलेल्या जतनाच्या नियमावलीचा रोख पहिल्या दोहोंकडे होता: जे अस्सल आहे ते टिकवा, जुन्याची नक्कल करून त्याला नवे रूप देऊ नका. निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व विभाग स्थापन झाला, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले आणि अजिंठा-वेरूळच्या जतनाचे काम पद्धतशीर सुरू झाले, तेही याच विचारांच्या काळात.

मोटारीची मागची काच या तिहींत कोठे बसते? रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ती घृष्णेश्वराप्रमाणे हवी: वापर चालू आहे, तेव्हा नवी बसवा. रिकाम्या जागेवर पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून पावसाळा काढता येत नाही. पण जुन्या, दुर्मीळ कूपेच्या बाबतीत संग्राहकांची एक निराळी हौस दिसते. प्रत्येक सुरक्षा काचेच्या कोपऱ्यात कोरीव खूण असते: निर्मात्याचे चिन्ह, मानकाचा क्रमांक (आपल्याकडे आयएस २५५३), आणि बहुधा वर्ष-महिना सांगणारे अंक व ठिपके. काही संग्राहक गाडीच्या वर्षाशी जुळणाऱ्या तारखेचीच काच शोधतात. ती न मिळाल्यास नव्या काचेवर जुनी तारीख कोरून देणारेही आहेत. आमचा आक्षेप येथे आहे. वेरूळचा बिनकोरीव खांब आपण नवा आहोत हे लपवीत नाही, म्हणून शेजारच्या कोरीव खांबावर आपला विश्वास टिकतो. खोटी तारीख कोरलेली काच त्या एका काचेपुरती खोटी राहत नाही. ती गाडीच्या उरलेल्या साऱ्या अस्सल भागांना संशयात टाकते. पुढे या गाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्यास कोपऱ्यातली ती खूण हाच पुरावा असणार आहे.

मोटार हीही आता इतिहासाची वस्तू होत चालली आहे. पद्मिनी रस्त्यावरून गेली आणि लोकांनी तिला संग्रहालयात जागा द्यावी अशी मागणी केली, हे त्याचेच लक्षण. गोव्यातली किंवा पुण्यातली एखादी छोट्या संख्येची कूपे उद्या अशीच कोणी जपून ठेवील, आणि तिची एखादी काच फुटलेली असेलच. तेव्हा ती बदलावी, जरूर बदलावी; साचा नव्याने करावा लागला तर तोही करावा, आणि तो साचा कसा केला हे लिहून ठेवावे, कारण तळेगावच्या भट्टीवर जे शिकवले गेले ते पुढच्या हातांना मिळावे म्हणूनच शिकवले गेले होते. मात्र नव्या काचेच्या कोपऱ्यात ती ज्या वर्षी बसली ते वर्षच असावे. काचेला सांधा नाही हे खरे; म्हणूनच ती कधी बदलली याची खूण तिच्यावर राहिली पाहिजे.